चिठ्ठीतलं होपफुली

१

वेळूच्या नळकांड्याचं बूच निघालं, भागुबाईंनी ते पदरावर उपडं केलं, आणि साहेबाच्या चिठ्ठीऐवजी आतून वर्तमानपत्राची सुरळी बाहेर पडली.

औंढ्याच्या ओव्हाळ वस्तीत ही गोष्ट गुरुवारी सकाळी साडेनऊला घडली आणि दहाच्या आत अख्ख्या गावाला कळली. औंढ्यात मोबाइलला रेंज नसली तरी बातमीला असते. साडेदहाला लोणावळ्याहून रेणुकाची स्कूटर धुरळा उडवत वस्तीवर आली, तेव्हा भागुबाई तशाच जमिनीवर बसून होत्या.

रेणुका ही भागुबाईंच्या बहिणीची मुलगी. लोणावळ्यात कॉलेजात इंग्रजी शिकवायची. एखादा शब्द दोनशे वर्षांपूर्वी काय अर्थाचा होता आणि आज काय झाला, हे सांगायला लागली की तास संपल्याची घंटासुद्धा तिला ऐकू येत नसे. पोरं तिला पाठीमागे 'शब्दांची सीआयडी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

झालं होतं असं. गावाबाहेरच्या 'साहेबाच्या विहिरी'चा गाळ काढून गावाने ती नव्याने बांधली होती. रविवारी तिथे दगडी पाटी बसायची होती. भागुबाईंच्या सासरी चार पिढ्या एकच गोष्ट सांगितली जाई, की विहिरीचं पाणी दाखवलं ते त्यांच्या नवऱ्याच्या आज्याने, केरबाने. केरबा पाणाड्या होता. उंबराची फांदी हातात धरून तो रान तुडवायचा आणि पाणी कुठे लागेल ते सांगायचा. रेल्वेच्या बरेल साहेबाने खूश होऊन त्याला १९१३ साली इंग्रजीत चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी नळकांड्यात आणि नळकांडं चुलीवरच्या वाशाला टांगलेलं, म्हणजे धुराने कसर लागत नाही. दर बुद्धपौर्णिमेला भागुबाई ते खाली घ्यायच्या, करंजेल लावायच्या, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवायच्या आणि परत टांगायच्या. उघडत मात्र नसत. जुना कागद आहे, वारा लागला तर पिठासारखा होईल, असं सासरे सांगून गेले होते.

विहीर समितीचा अध्यक्ष होता आदिनाथ पडवळ. पुण्याच्या पाहुण्यांसाठी तंबू लावून त्याने बरं बस्तान बसवलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. कागद दाखवा, केरबाचं नाव कोरतो. कागद नसेल तर पाटीवर 'ग्रामस्थांच्या श्रमातून' एवढंच येईल.

"चार पिढ्या आमी सांगत आलो," भागुबाई म्हणाल्या. "आता गाव म्हनंल, चार पिढ्या खोटं सांगत आले."

रेणुकाने वही काढली. घरात कोण कोण आलं होतं? मागच्या आठवड्यात वायरमन आला होता. आदिनाथची दोन माणसं वर्गणीची पावती द्यायला आली होती. तंबूतल्या पाहुण्या बायका चूल बघायला येऊन फोटो काढून गेल्या होत्या. नळकांडं घराबाहेर गेलं होतं ते जन्मात एकदाच. मुलाच्या, प्रदीपच्या वेळी भागुबाईंना आठवा महिना होता तेव्हा अंबाजीआबा, म्हणजे आदिनाथचे वडील, ते वाचून आणतो म्हणून लोणावळ्याला घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी स्वतः आणून वाशाला टांगलं आणि केरबाचंच नाव आहे असं सांगून गेले. आबा म्हणजे सोन्यासारखा माणूस, असं भागुबाईंनी वर जोडलं. रेणुकाने वायरमन, पावतीवाले आणि पाहुण्या बायका एवढे वहीत लिहिले आणि वर्तमानपत्राची सुरळी पर्समध्ये टाकली.

तीन दिवस हातात होते, आणि चोर कोण याचा तिला काडीचाही अंदाज नव्हता.

२

शुक्रवारी सकाळी चिठ्ठी आपल्या पायांनी घरी आली.

भागुबाईंनी दार उघडलं तर कडीत कागद अडकवलेला. तपकिरी पडलेला, चार घड्या घातलेला, आत निळसर काळ्या शाईने वळणदार इंग्रजी. रेणुका पोहोचली तेव्हा अंगणात पन्नास माणसं जमली होती. तिने डोक्यावरचं हेल्मेटही न काढता तिथेच उभ्याने वाचून मराठीत सांगायला सुरुवात केली. 'हा कागद बाळगणारा केरबा याने लनौली कॅम्पजवळ तीन दिवसांत पाणी दाखवले, जिथे माझी माणसे तीन महिने हरली होती.' पुढे साहेबाची सही आणि १९१३ साल.

वस्तीवर एकच कल्ला उठला. भागुबाईंचा मुलगा प्रदीप पहिल्या पाळीला गेलेला, त्याला फोन लागेपर्यंत तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून रेंज शोधली. कुणीतरी चिक्कीचा डबा फोडला. चोराला उपरती झाली असणार, असा निकाल लागला. आदिनाथ स्वतः आला, त्याने कागद उलटसुलट पाहिला आणि कसलेही आढेवेढे न घेता दगड कोरणाऱ्याला फोन लावून केरबाचं नाव सांगितलं. भागुबाई रडत होत्या आणि रडता रडता सगळ्यांना चहा पाजत होत्या.

रेणुकाच्या आनंदाला तर पारावार नव्हता. शंभर वर्षांपूर्वीचं इंग्रजी हातात आलं होतं. सगळे चहात गुंतल्यावर तिने ओट्यावर बसून ते चवीने पुन्हा वाचलं. शेवटची ओळ होती, 'होपफुली, द वेल विल सर्व्ह द होल व्हिलेज.' होपफुली ही विहीर साऱ्या गावाला पाणी देईल.

तिने ओळ आणखी एकदा वाचली. हातातला चहा कपातच राहिला, कारण ही चिठ्ठी खोटी होती.

३

आता 'होपफुली' या शब्दात एवढं बिचकण्यासारखं काय, असं कुणीही विचारील. आपण तो उठता बसता वापरतो. होपफुली बस येईल, होपफुली पाऊस थांबेल, म्हणजे येईल अशी आशा आहे, थांबेल अशी आशा आहे.

पण बरेल साहेबाच्या काळात या शब्दाचा अर्थ साधा 'आशेने' असा होता. म्हातारी पोस्टमनकडे होपफुली बघायची, कुत्रं स्वयंपाकघराच्या दाराशी होपफुली बसायचं. आशा करणारा जीव वाक्यात हजर असायचा. 'अशी आशा आहे' हा अर्थ त्याआधी क्वचित कुठे सापडला तर सापडतो, पण बोकाळला तो १९६० नंतर, अमेरिकेतून. तेव्हा तिकडच्या भाषापंडितांनी आकाशपाताळ एक केलं. विहीर कशी हो आशा करील, असं ते विचारत. पुढे कित्येक वर्षं हा वाद चालला आणि अलीकडे कुठे कडक संपादकांनीही हात टेकले. रेणुका दरवर्षी हा धडा शिकवायची आणि दरवर्षी त्यात दहा मिनिटं जास्त घ्यायची.

१९१३ सालचा इंग्रज इंजिनिअर हे वाक्य असं लिहील ही शक्यता फार कमी. एका शब्दावरून कुणाला फासावर चढवता येत नाही, हेही तिला कळत होतं. म्हणून तिने कागद पुन्हा निरखला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. शंभरावर वर्षं नळकांड्यात गुंडाळून राहिलेला कागद सोडला की आपोआप गुंडाळला जातो. हा कागद मांडीवर सपाट पडला होता. त्याला चार घड्या होत्या आणि बाक एकही नव्हता.

मग ती घाबरली. हे माहीत होतं फक्त तिला. चूप बसली तर रविवारी नाव कोरलं जाणार होतं आणि नाव खरंच होतं. पण पुढे कधी एखाद्या शहाण्याने हा कागद खोटा ठरवला, तर केरबाच खोटा ठरणार होता आणि दगडावर कोरलेलं नाव म्हणजे वस्तीची बदनामी होणार होती. खोट्या कागदावर खरं नाव टिकत नाही.

आणि खोटा कागद करायचं कारण कुणाला? मावशीचं रडणं ज्याला बघवत नव्हतं, ज्याला इंग्रजी येत होतं आणि जो दर दुसऱ्या वाक्यात होपफुली म्हणायचा, त्याला. म्हणजे प्रदीपला. रेणुकाने स्कूटर आंबीच्या दिशेने वळवली.

४

प्रदीप चाळिशीचा, आंबीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दुपारी पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या टपरीवर रेणुकाने त्याला गाठलं. तो इतका खुशीत होता की टपरीवाल्याला चिठ्ठीची सगळी हकिकत दोनदा सांगून झाली होती. होपफुली रविवारी सुट्टी मिळेल, असंही तो म्हणाला.

रेणुकाने आडवळण घेतलं नाही. चिठ्ठी खोटी आहे, आणि ती तू लिहिलीस का, असं तिने विचारलं.

प्रदीपने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"रेणुताई, आपल्या लोकांना कागद काय असतो ते बाबासाहेबांनी शिकवलंय," तो म्हणाला. "पणज्याचं नाव मी खोट्या कागदावर लिहीन? त्यापेक्षा ते दगडावर नसलेलं बरं."

रेणुकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माफी मागितली आणि कागद त्याच्यापुढे धरला. प्रदीपने तो वाचला, पुन्हा वाचला आणि मग विचारलं, "लनौली म्हणजे कुठलं गाव?"

रेणुका उभीच राहिली. लनौली म्हणजे लोणावळा. जुन्या इंग्रजांचं ते स्पेलिंग तिने कॉलेजच्या ग्रंथालयातल्या रेल्वेच्या जुन्या नकाशात पाहिलं होतं. आज ते कुणाच्या तोंडीही नाही. प्रदीपला ठाऊक नव्हतं, गावात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. खोटी चिठ्ठी मनाने रचणारा माणूस लोणावळ्याला लनौली कशाला म्हणेल? तो पाहून लिहीत असेल तरच म्हणेल.

म्हणजे खरी चिठ्ठी शाबूत होती, आणि कालपर्यंत ती कुणाच्या तरी डोळ्यांसमोर होती. रेणुकाने टपरीवरच प्रदीपचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. टपरीवाला बघत राहिला.

पण ज्याच्याकडे खरी होती, त्याने खोटी का दिली?

५

शनिवारी सकाळी ती मावशीपुढे बसली आणि सगळं खरं सांगून टाकलं. भागुबाईंनी ओरडा केला नाही. त्यांनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी तो नाकाशी नेला.

"निरगुडी," त्या म्हणाल्या.

रेणुकालाही काल तो उग्र, कडवट वास आला होता, पण तिला वाटलं होतं जुन्या कागदाचा असेल. भागुबाईंनी समजावून सांगितलं. भात झोडून साठवलं की किडा लागू नये म्हणून त्यात निरगुडीचा पाला घालायचा, ही जुनी रीत. आता घरोघर पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि त्यात दुकानातल्या गोळ्या टाकतात. पाला कणगीत घालायचा. कणग म्हणजे वेळूच्या कांबट्यांची विणलेली, शेणाने लिंपलेली, माणसाएवढी उंच.

"आता कणग कुणाच्या घरी आहे?" रेणुकाने विचारलं.

"एकच हाय गावात. आबांची. म्हातारा मोडूच देत न्हाई."

रेणुकाने घाईघाईने पर्समधून वर्तमानपत्राची सुरळी काढली. दोन दिवस तिने ती नीट बघितलीच नव्हती आणि त्याबद्दल तिने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. सुरळीचं एक टोक, बुचाकडचं, धुराने काळपट झालं होतं. दुसरं पिवळंच होतं. गेल्या आठवड्यात कुणी ही सुरळी आत घातली असती तर तिला एवढा धूर कधी लागला असता? घरात तर पंधरा वर्षांपासून गॅस होता, चूल कधीमधीच पेटायची. ही सुरळी नळकांड्यात मुरली होती. तिने तारीख वाचली. डिसेंबर १९८४.

"मावशी, प्रदीपचा जन्म कधीचा?"

"पंच्याऐंशीचा जानेवारी," भागुबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांचा हात तोंडाकडे गेला. डिसेंबरात त्यांना आठवा महिना होता.

सोन्यासारख्या माणसाचं नाव वहीत लिहायचं राहून गेलं होतं. चाळीस वर्षं भागुबाई वर्तमानपत्राला करंजेल लावत आल्या होत्या.

६

पडवळांच्या ओसरीवर कणग होती आणि कणगीला पाठ टेकून अंबाजीआबा बसले होते. वय त्र्याऐंशी. शेजारी त्यांची नात, आदिनाथची मुलगी प्रेरणा. ती लोणावळ्याच्या एका हॉटेलात काउंटरवर असे आणि तिथल्या फळ्यावर रोजचा मेनू वळणदार अक्षरात लिहीत असे. आज तिची सुट्टी होती. आदिनाथ उद्याच्या मांडवाचा हिशेब फोनवर सांगत होता.

रेणुकाने चहा घेतला, इकडचं तिकडचं विचारलं. आदिनाथ पाटीबद्दल मोकळेपणाने बोलत होता. दगड कोरून आला होता, नाव छान उठलं होतं. कागद मागितला त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, तर गावात उद्या कुणी शंका काढू नये एवढंच, असं तो म्हणाला. रेणुका त्याच्याकडे बघत होती आणि हा माणूस खोटं बोलत नाही, असं तिला वाटत होतं. मग तिने शितावरून भाताची परीक्षा घ्यायचं ठरवलं.

"दादा, उद्या मावशी खीर करणार आहे," ती म्हणाली. "पहिली मूठ या जुन्या कणगीतली मिळाली तर बरं होईल. शुभ असतं."

आदिनाथ हसून उठला. त्यात काय, मूठ कशाला, पायली घेऊन जा, असं म्हणत त्याने झाकण काढून हात आत घातला.

"हात घालू नगंस," आबा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण आदिनाथचा हात भातात कोपरापर्यंत जाऊन तिथेच थांबला. प्रेरणा पांढरीफटक पडली होती. आदिनाथने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि हळूहळू हात बाहेर काढला. बोटांत निरगुडीची सुकलेली पानं होती आणि एक पितळी डबी होती.

डबी उघडली. आतला कागद बाहेर पडताच आपोआप गुंडाळला गेला.

"वाचून घ्यायलाच नेलती," आबा म्हणाले. "लोनावळ्याला रेल्वेचा एक जुना गार्ड हुता, त्यानं वाचली. आन् मंग माजी परत द्यायची हिंमत झाली न्हाई. तीनदा चुलीपातुर नेली जाळाया. त्यालाबी हात धजला न्हाई."

गुरुवारी भागुबाई रडल्याचं कानावर आलं आणि म्हाताऱ्याला राहवेना. दुपारी त्यांनी नातीला बोलावलं, चिठ्ठी वाचायला लावली आणि सांगितलं, की केरबाचं ते सगळं ठेव, आपल्या आज्याचं तेवढं गाळ. प्रेरणाने आजोबांच्या जुन्या वहीचं कोरं पान घेतलं, चहाच्या पाण्यात बुडवलं, टाकाने लिहिलं. बाबांना दिसू नये म्हणून कागद रात्रभर कणगीत ठेवला आणि पहाटे मावशींच्या कडीत अडकवला.

"होपफुली कुठून आलं?" रेणुकाने विचारलं.

"तो शब्द मूळ चिठ्ठीतच आहे," प्रेरणा मान खाली घालून म्हणाली. "पण ज्या वाक्यात होता ते गाळायचं होतं. आणि ते वाक्य मला चुकीचंही वाटलं, ताई. कुणी माणूस होपफुली उभा कसा राहील? म्हणून शेवटी माझी एक ओळ जोडून मी तो शब्द तिथे नीट बसवला."

पोरीने साहेबाचं इंग्रजी सुधारलं होतं. एरवी रेणुका यावर पोट धरून हसली असती. तिने गुंडाळलेला कागद दोन्ही हातांनी धरून उलगडला आणि वाचला, आणि तिला हसू आलं नाही.

आदिनाथने कागद तिच्या हातून घेऊन कसाबसा वाचला. मग तो बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत राहिला. शेवटी येऊन म्हणाला की दगडावर केरबाचंच नाव कोरलंय, मावशीला जे हवं होतं ते मिळालंच आहे, तर प्रेरणाने लिहिलेलीच चिठ्ठी चालू द्यायला काय हरकत आहे? गावासमोर आमच्या पणज्याची लाज कशाला काढायची? तो दादागिरी करत नव्हता, विनवत होता. आणि क्षणभर रेणुकालाही वाटलं, खरंच, काय हरकत आहे?

"हे ठरवणारी मी नाही आणि तुम्हीही नाही," ती म्हणाली.

७

भागुबाईंनी चूल पेटवली होती. रेणुकाने चिठ्ठी त्यांना ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. संपल्यावर त्यांनी फक्त एकच विचारलं.

"कवापातुर उभा हुता म्हनलीस?"

"दिवे लागेपर्यंत."

भागुबाईंनी चुलीतली लाकडं मागे ओढली. "उद्या हीच वाच," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी विहिरीवर सगळं गाव लोटलं होतं. मांडव होता, झेंडूच्या माळा होत्या, दगडावर केरबाचं नाव होतं. आदिनाथ माइकसमोर उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याने एवढंच सांगितलं, की परवा मिळालेली चिठ्ठी नक्कल होती, खरी आमच्याच घरात होती, आणि ती रेणुकाताई वाचतील. गावात कुजबुज उठली. आबा पहिल्या रांगेत खुर्चीवर, नजर जमिनीत रुतवून बसले होते.

रेणुकाने वाचलं.

'हा कागद बाळगणारा केरबा याने लनौली कॅम्पजवळ तीन दिवसांत पाणी दाखवले, जिथे माझी माणसे तीन महिने हरली होती. विहीर भरली त्या दिवशी गावचा पाटील दत्तोबा पडवळ याने दोर आपल्या ताब्यात घेतला आणि या माणसाला पाण्याला शिवू दिले नाही. मी त्याला मातीचे मडके घेऊन विहिरीशी उभा पाहिला. दुपारपासून दिवे लागेपर्यंत तो तिथे आशेने उभा होता. त्याला कुणी पाणी वाढले नाही. शेवटी माझ्या टाकीतून मी त्याला पाणी देवविले. ही चिठ्ठी त्याच्याजवळ ठेवत आहे. जो वाचील त्याला कळावे, की विहीर कोणाची आहे.'

'आशेने' हा शब्द वाचताना तिने कागदावर बोट ठेवलं होतं. मूळ कागदावर तिथे साहेबाच्या हातचं 'होपफुली' होतं. वर्षानुवर्षं तिने हा शब्द फळ्यावर लिहिला होता, दोन अर्थ, दोन रकाने. प्रेरणाच्या होपफुलीत आशा होती, पण ती कुणाची ते नव्हतं. कुणाचीच नव्हती. जुन्या होपफुलीत एक माणूस होता, हातात मडकं घेऊन, आणि त्याला वाटत होतं की आता कुणीतरी वाढेल. तो शब्द तिथून उचलला की तो माणूसही तिथून उठत होता. हे तिला त्या क्षणी, गावासमोर, पहिल्यांदा कळलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते तिने पुसलंही नाही.

मग आबा खुर्चीच्या हाताला धरून उठले. काठी टेकत विहिरीच्या कठड्यापाशी गेले आणि दोन्ही हात जोडून भागुबाईंसमोर उभे राहिले. आदिनाथ पुढे यायला लागला, त्यांनी त्याला हातानेच मागे सारलं. ते तसेच उभे होते.

भागुबाई जागच्या उठल्या. कठड्यावरची नवी बादली त्यांनी विहिरीत सोडली आणि दोर आपल्या हाताने ओढून वर घेतला. मागे धावलेल्या प्रदीपला त्यांनी नको म्हटलं. बादली कठड्यावर ठेवून त्यांनी तांब्या भरला.

"आबा, बसा खुर्चीवर," त्या म्हणाल्या. "आन् ओंजळ धरू नगा, तांब्या हातात घ्या. ह्या हिरीवर आमी कुनाला उभं ठेवत न्हाई."